रक्तावरची निवळ

माझा रक्तगट एबी पॉझिटिव्ह आहे, हे मला कॉलेजच्या पहिल्या वर्षी कळलं. राष्ट्रीय सेवा योजनेचं रक्तदान शिबिर होतं. बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब घेतले, त्यांत तीन बाटल्यांमधले निळे, पिवळे आणि बिनरंगी थेंब मिसळले, आणि बघता बघता तिन्ही ठिकाणी रक्त नासलेल्या दुधासारखं फुटलं. टेबलापलीकडचे सर म्हणाले, "एबी पॉझिटिव्ह. तुम्हाला कोणाचंही रक्त चालेल. द्यायचं मात्र फक्त एबीलाच." मग वजनकाट्यावर उभं केलं. काटा ४३ वर थांबला. रक्त द्यायला निदान ४५ किलो वजन लागतं. मैत्रिणी दंड दुमडून बिस्किटं खात बसल्या होत्या आणि मी सगळ्यांच्या पर्सा सांभाळत दाराशी उभी होते. आपल्याकडे शंभरात सात-आठ जण एबी गटाचे असतात. त्यांच्यात मी एक, आणि माझा गट घेणाऱ्यांचा. ते वाक्य मनात घर करून राहिलं.

दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२० मध्ये, मला करोना झाला. पुण्यात तेव्हा घरोघर तेच चाललं होतं. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. वर्ग मोबाइलवर भरत होते. धनकवडीतल्या आमच्या दोन खोल्यांपैकी आतली खोली मला दिली आणि बाकीचे तिघं बाहेरच्या खोलीत राहिले. आई दाराशी ताट ठेवायची, दार वाजवून मागे सरायची. चौथ्या दिवशी आमटीला वास येईना. ताप फार नव्हता, पण आठवडाभर पायांत जीव नव्हता. सतरा दिवसांनी, गणपती बसायच्या आदल्या दिवशी, मी खोलीबाहेर आले. आजीने मीठ-मोहरी ओवाळून टाकली आणि मला जवळ न घेता नुसतं लांबून बघत राहिली.

सप्टेंबरमध्ये परिस्थिती फारच बिकट झाली. रुग्णवाहिकेचे आवाज दिवसरात्र ऐकू यायचे. फोनवर येणारे निरोप सगळे एकाच साच्याचे असत: अमुक रुग्णालय, अमुक वय, ऑक्सिजन इतका, प्लाझ्मा हवा, गट अमुक. बऱ्या झालेल्या रुग्णांनी पुढे यावं असं आवाहन सरकारही करत होतं. २९ जूनला राज्याने 'प्लॅटिना' नावाची प्लाझ्माची मोठी चाचणी जाहीर केली होती. एके दिवशी माझ्या मैत्रिणीच्या मामांच्या शेजाऱ्यांसाठी निरोप आला. वय ५२, गट बी पॉझिटिव्ह. खाली लिहिलं होतं, "बी किंवा एबी गटाचा दाता चालेल."

एबी चालेल? मी ते दोनदा वाचलं. मग पाठ्यपुस्तक काढून बसले, आणि जे परीक्षेसाठी घोकलं होतं ते पहिल्यांदा मनापासून समजलं. लाल पेशींच्या अंगावर गटाची खूण असते आणि रक्तद्रवात, म्हणजेच प्लाझ्मात, परक्या खुणेविरुद्धची प्रतिपिंडं असतात. माझ्या पेशींवर ए आणि बी दोन्ही खुणा आहेत, म्हणून माझ्या पेशी इतरांना चालत नाहीत. पण त्याच कारणामुळे माझ्या रक्तद्रवात ए-विरोधीही काही नाही आणि बी-विरोधीही नाही. म्हणजे माझा रक्तद्रव कोणालाही चालतो. लाल पेशींच्या बाबतीत ओ निगेटिव्हला जो मान आहे, तो रक्तद्रवाच्या बाबतीत एबीला आहे. शिबिरातल्या त्या सरांनी सांगितलं ते खोटं नव्हतं. ते अर्धंच होतं.

या उपचारामागची कल्पनाही वेडगळ नव्हती. आमच्या मॅडमनी ऑनलाइन तासाला ती सांगितली होती. जो आजारातून उठला त्याच्या रक्तात त्या आजाराशी लढणारी प्रतिपिंडं तयार असतात. ती उसनी घेऊन आजारी माणसाला द्यायची. एमिल फॉन बेरिंगने १८९० च्या दशकात घटसर्पावर अशीच रक्तरसाची वाट दाखवली आणि १९०१ सालचं वैद्यकातलं पहिलं नोबेल त्यालाच मिळालं. साप चावल्यावर आपल्या ग्रामीण रुग्णालयात जे इंजेक्शन देतात, ते घोड्याच्या रक्तद्रवातून काढतात. घोड्याला विषाची थोडी थोडी मात्रा देत जातात आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं माणसाच्या कामी येतात. घोड्याचं चालतं, मग माणसाचं का चालू नये, असं मलाही वाटलं.

घरात मात्र आजी अडून बसली. "आत्ता कुठं पोरगी उठून बसायला लागलीय. अंगातलं सत्त्व काढून द्यायला निघाली. उद्या लग्नाच्या वेळी कोणी विचारलं तर?" आई काही बोलली नाही, पण तिचा चेहरा आजीच्याच बाजूचा होता. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "वजन किती भरतंय तुझं आता?" मी म्हटलं, ५१. ते उठून स्कूटरची किल्ली घ्यायला गेले.

रक्तपेढीत पहिल्या दिवशी नुसता नमुना घेतला. हिमोग्लोबिन, रक्तातली प्रथिनं, कावीळ-एचआयव्हीच्या तपासण्या, करोनाची प्रतिपिंडं. बरं होऊन २८ दिवस झाले आहेत का, याची कागदावर खात्री केली. मग समुपदेशक ताई बाबांना म्हणाल्या, "काका, तुम्ही जरा बाहेर थांबता का?" दार लोटून घेतल्यावर त्यांनी मला विचारलं, "लग्न झालंय?" नाही म्हटलं. "कधी दिवस गेले होते? गर्भपात वगैरे? राग मानू नका, विचारावंच लागतं."

मी एकोणीस-वीस वर्षांची. कान तापले. नाही म्हटलं आणि सही केली. घरी येईपर्यंत तो प्रश्न अंगावर बसून होता. आपल्या चारित्र्याची चौकशी झाली असंच वाटत होतं. आज मी स्वतः तोच प्रश्न विचारते, आणि आधी कारण सांगते. गरोदरपणात आईच्या रक्तात बाळाच्या पांढऱ्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. आईला त्यांचा काही त्रास नसतो, पण तिचा रक्तद्रव दुसऱ्याला दिला तर त्या माणसाची फुप्फुसं काही तासांत पाण्याने भरू शकतात. आधीच करोनाने फुप्फुसं धरलेल्या रुग्णाला हा धोका कोण पत्करेल? म्हणून ज्या बाईला एकदा जरी दिवस गेले असतील तिचा प्लाझ्मा घेत नव्हते. एवढं त्या दिवशी कोणी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर मी मान वर करून उत्तर दिलं असतं. त्या ताईंना मी दोष देत नाही. त्यांच्या दाराबाहेर रांग होती. पण तेव्हापासून माझं ठाम मत आहे की बाईला असला प्रश्न कारण सांगितल्याशिवाय विचारू नये.

दुसऱ्या दिवशी फोन आला. हिमोग्लोबिन १२.७. साडेबाराची अट, म्हणजे काठावरच. प्रतिपिंडं भरपूर. या, म्हणाले.

खुर्ची दातांच्या डॉक्टरकडे असते तशी, मागे कलणारी. शेजारी कमरेएवढं यंत्र आणि त्यावर नळ्यांचं जाळं. सुई नेहमीच्या सुईपेक्षा जाड होती, ते मी पाहिलं आणि मान वळवली. तंत्रज्ञ दादांनी हातात मऊ चेंडू दिला. "रक्त बाहेर येताना दाबत राहायचं. यंत्र परत सोडायला लागलं की हात ढिला. ओठांना मुंग्या आल्या तर लगेच सांगायचं, लाजायचं नाही."

यंत्र रक्त ओढून घेतं, आत गरगर फिरवतं, जड पेशी बाहेरच्या बाजूला जातात आणि हलका द्रव वेगळा होऊन पिशवीत पडतो. मग त्या पेशी त्याच सुईतून माणसाला परत मिळतात. असे फेरे होत राहतात. पेशी परत येताना दंडातून गार पाण्याची धार चढल्यासारखं वाटलं. दुसऱ्या फेऱ्यात ओठ झिणझिणले. रक्त गोठू नये म्हणून यंत्रात सायट्रेट मिसळतात. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि त्यामुळे मुंग्या येतात. दादांनी कॅल्शियमची गोळी चघळायला दिली आणि यंत्राचा वेग कमी केला. पाच मिनिटांत ओठ जाग्यावर आले.

आणि मग मी पिशवीकडे पाहिलं. रक्तदान म्हणजे लाल, एवढंच डोळ्यांपुढे होतं. पिशवीत मात्र फिकट पिवळा, नितळ द्रव साचत होता. विरजण लावलेल्या दह्यावर सकाळी जी निवळ येते ना, अगदी तसा. आई ती निवळ कधी टाकून देत नाही, कढीत घालते. हे माझ्या आत रात्रंदिवस वाहत असतं आणि वीस वर्षांत मी ते कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दादांना वाटलं सुई दुखतेय. मी नाही म्हटलं. मला खरोखरच तेव्हा शिबिराच्या दारात पर्सा धरून उभी असलेली मी आठवत होते.

पाऊण तासात ४०० मिलिलिटर निघालं. त्याच्या दोनशे-दोनशेच्या दोन पिशव्या झाल्या, चोवीस तासांच्या अंतराने द्यायच्या. सुई काढल्यावर दादांनी एक पिशवी क्षणभर माझ्या हातावर ठेवली. किंचित कोमट होती. बाहेर त्या रुग्णाचा मुलगा थर्माकोलचा डबा घेऊन बसला होता. माझ्याच वयाचा असावा. मास्कवर नुसते डोळे दिसत होते, रात्र-रात्र न झोपलेले. त्याने हात जोडले. काय बोलावं ते दोघांनाही कळेना. पावतीचा कागद त्याच्या हातात घडी करकरून मऊ झाला होता. त्यावर आकडा काय होता ते मी विचारलं नाही. त्या दिवसांत प्लाझ्माचे वाटेल ते पैसे सांगितले जात होते. राज्य सरकारला पुढे २०० मिलिलिटरच्या पिशवीला ५,५०० रुपयांची मर्यादा घालावी लागली. मी एक पैसा घेतला नव्हता आणि तो मुलगा पैसे मोजून आला होता, हे मात्र माझ्या लक्षात राहिलं.

घरी गेल्यावर आजीने डिंकाचा लाडू पुढे केला. रागावलेली होती, तरी केला.

नवव्या दिवशी मैत्रिणीचा फोन आला. ते गेले.

मी कोणाला काही बोलले नाही. पहिला विचार आला तो असा, की माझ्यात काही कमी पडलं का? प्रतिपिंडं पुरेशी नव्हती का? आठवडाभर आधी गेले असते तर? विसाव्या वर्षी माणूस सगळं स्वतःवर ओढून घेतं. मग ऑक्टोबरमध्ये बातमी आली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी केली होती. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर प्लाझ्मा दिला, निम्म्यांना दिला नाही. प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी १९ टक्के रुग्णांचा आजार गंभीर झाला किंवा ते दगावले. न मिळालेल्यांपैकी १८ टक्के. फरक काहीच नाही. दम लागणं आणि थकवा थोड्या जास्त जणांचा लवकर कमी झाला, एवढंच.

मॅडमनी त्या शोधनिबंधाची प्रत पाठवली. मी ती वहीत आकडे लिहून घेत दोन संध्याकाळी वाचली. चाचणीत रुग्ण घेणं जुलैच्या मध्यातच थांबलं होतं, आणि निबंधाचा कच्चा मसुदा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सर्वांसाठी खुला झाला होता. म्हणजे मी खुर्चीवर बसून चेंडू दाबत होते तेव्हा उत्तर आलेलं होतं. ते त्या मुलापर्यंत पोचलं नव्हतं, माझ्यापर्यंत नव्हतं, आणि प्लाझ्मा लिहून देणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोचलं असेल तर त्यांनी ते बाजूला ठेवलं होतं.

मला राग आला. तो अजून गेलेला नाही. मी दिल्याबद्दल नाही. ते मी पुन्हाही देईन. राग याचा, की मरणाच्या दारातल्या माणसाच्या नातेवाइकांना धावपळ करायला लावायची, त्यांच्याकडून हजारो रुपये घ्यायचे, आणि ज्याचा उपयोग नाही असं दिसू लागलंय ते शेवटची आशा म्हणून हातात द्यायचं. मात्र त्याच निबंधाने मला एक गोष्ट शिकवली, जी तीन वर्षांच्या पदवीत शिकले नव्हते. एक माणूस वाचला किंवा गेला, यावरून औषधाबद्दल काही कळत नाही. ते काका प्लाझ्मामुळे वाचले असते असंही नव्हतं आणि प्लाझ्मा देऊनही गेले यात माझी चूकही नव्हती. ते कळण्यासाठी ४६४ माणसं लागतात, त्यांची नीट मांडलेली दोन गटांतली विभागणी लागते, आणि उत्तर आपल्याला हवं तसं आलं नाही तरी ते छापण्याची हिंमत लागते. आपल्या देशात, त्या गोंधळाच्या दिवसांत, कोणीतरी ते केलं. मला त्याचा अभिमान वाटतो. ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीने अकरा हजारांहून अधिक रुग्णांवर नंतर तेच दाखवून दिलं.

तरीही एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, फोन पुन्हा वाजायला लागले. पहिल्या वेळेपेक्षा जास्त. माझं नाव कुठल्या कुठल्या यादीत गेलं होतं. रात्री दीड वाजता सोलापूरहून एक बाई रडत म्हणाल्या, "ताई, तुम्ही फक्त हो म्हणा, गाडी पाठवते." आता सांगा, या बाईला मी चाचणीचे आकडे सांगायचे होते का? मी गेले. प्रतिपिंडांची तपासणी झाली. कमी भरली, नको म्हणाले. सात-आठ महिन्यांत ती उतरतातच. दारातून बाहेर पडताना मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याबद्दल रात्रभर झोप आली नाही. १७ मे २०२१ ला प्लाझ्मा उपचार राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकला. फोन थांबले.

पदवीनंतर मैत्रिणी औषध कंपन्यांत गेल्या, कोणी स्पर्धा परीक्षांना बसल्या. मी डी.एम.एल.टी. केलं आणि रक्तपेढीत लागले. सरकारी कागदावर आता 'रक्तकेंद्र' म्हणतात. आमच्या तोंडी अजून पेढीच आहे. घरी सगळ्यांना आश्चर्य वाटलं. मला ती पिवळी पिशवी सोडवत नव्हती. तिचा खरा उपयोग काय, ते मला बघायचं होतं.

ते मी आता रोज बघते. शिबिरातून आलेली लाल पिशवी आम्ही गार सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतो. बाहेर काढली की तिच्यात थर दिसतात: खाली गडद लाल, मध्ये पांढुरकी साय, वर निवळ. पिशवी हलक्या हाताने उचलावी लागते. धक्का लागला की थर मोडतात आणि पुन्हा फिरवावं लागतं. वरची निवळ दाबून वेगळ्या पिशवीत घ्यायची, नळी सीलबंद करायची आणि काही तासांच्या आत उणे ३० अंशांखाली गोठवायची. मग ती वर्षभर टिकते. गोठलेली पिशवी काचेसारखी असते, हातून पडली तर तडकते. रात्री फोन येतो, "बाळंतपणात रक्तस्राव थांबत नाहीये, चार एफएफपी लावा." एफएफपी म्हणजे हाच गोठवलेला रक्तद्रव. वाहून गेलेल्या रक्ताबरोबर रक्त गोठवणारे घटकही गेलेले असतात; ते या निवळीतच असतात. ३७ अंशांच्या पाण्यात ती वितळायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. खिडकीवर नवरा किंवा भाऊ उभा असतो, दर दोन मिनिटांनी विचारतो. घाई करता येत नाही, पाणी जास्त तापवलं तर तेच घटक मरतात. एकदा फोन आला तेव्हा त्या बाईचा नमुनाही अजून आमच्याकडे पोचला नव्हता, गट माहीत नव्हता. अशा वेळी लाल पेशी ओ गटाच्या द्यायच्या आणि रक्तद्रव एबीचा. मी फ्रीजरमधून एबीच्या पिशव्या काढल्या आणि पाण्यात सोडल्या. बाई वाचली. एकट्या रक्तद्रवाने वाचली असं मी म्हणणार नाही, मला ते शिकवलेलं आहे. पण इथे त्याचा उपयोग होतो, हे नुसतं वाटणं नाही.

आणि मग जानेवारी २०२५. सिंहगड रस्त्याच्या बाजूला, किरकटवाडी-नांदेड गाव भागात, माणसांचे पाय अचानक लुळे पडायला लागले. गिया-बारे. दूषित पाण्यातून पोटात गेलेल्या जंतूंशी लढताना शरीराची प्रतिपिंडं चुकून आपल्याच नसांवर उलटतात. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण झाले. काही जण व्हेंटिलेटरवर गेले, काही गेले. या आजारावर दोन उपचार चाचण्यांमध्ये सिद्ध झालेले आहेत. एक, यंत्राने रुग्णाचा स्वतःचा रक्तद्रव बाजूला काढायचा, म्हणजे त्यातली उलटलेली प्रतिपिंडं निघून जातात. दुसरा, निरोगी माणसांच्या रक्तद्रवातून काढलेलं इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन.

पहिल्या उपचाराला जे यंत्र लागतं, तशाच यंत्रावर २०२० मध्ये मी बसले होते. त्या महिन्यात आमच्या कामाचा ताण इतका होता की जेवणाचे डबे संध्याकाळी उघडायचो. आणि दुसऱ्याचा हिशेब मी एका रात्रपाळीत कागदावर मांडून पाहिला. ६० किलोच्या माणसाला पाच दिवसांत मिळून १२० ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन लागतं. एक लिटर रक्तद्रवातून ते साधारण चार-पाच ग्रॅम निघतं. एका रक्तदात्याच्या पिशवीतून रक्तद्रव मिळतो जेमतेम २०० मिलिलिटर. म्हणजे एका माणसाला पुन्हा पायांवर उभं करायला एकशेवीस ते दीडशे रक्तदाते लागतात. रांगेत उभे केले तर पेढीच्या दारापासून चौकापर्यंत जातील. त्यांच्यातल्या एकालाही माहीत नसतं की आपण त्या इंजेक्शनमध्ये आहोत.

हे त्यांना सांगायला हवं, असं मला कळकळीने वाटतं. शिबिरात आपण सांगतो, "एका पिशवीने तिघांचे प्राण वाचतात", आणि तिथेच थांबतो. उरलेला रक्तद्रव औषध कारखान्यांकडे जातो, त्यातून अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन आणि हिमोफिलियाच्या मुलांना लागणारा घटक आठ तयार होतो, त्यासाठी पेढीला सरकारने ठरवलेलं लिटरमागे १,६०० रुपये विनिमय मूल्य मिळतं, हे दात्याला कळलं तर बिघडतं काय? यात लपवण्यासारखं काही नाही. उलट अमेरिकेत कॉलेजची मुलं पैसे घेऊन प्लाझ्मा देतात, सात दिवसांत दोनदा देण्याची तिथे मुभा आहे, आणि जगातला औषधांसाठीचा सुमारे दोन तृतीयांश रक्तद्रव त्या एका देशातून येतो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून रक्त विकणं बंद झालं. ते योग्यच झालं. गरजेपोटी अंगातलं रक्त विकणारी माणसं या शहरांनी पाहिलेली आहेत. पण मग जे फुकट आणि विश्वासाने दिलं जातं, त्याचा थेंबन् थेंब कामी लागला पाहिजे आणि देणाऱ्याला तो कुठे गेला ते समजलं पाहिजे.

मी दर चार महिन्यांनी रक्त देते. बायकांना १२० दिवसांचं अंतर लागतं, पुरुषांना ९०. मधल्या काळात एकदा हिमोग्लोबिन ११.८ भरलं, माझ्याच सहकाऱ्यांनी मला परत पाठवलं. रोज टेबलावर येणाऱ्या कितीतरी मुली अशाच परत जातात, तोंड पाडून, जशी मी गेले होते. त्यांना मी थांबवून घेते, काय खायचं ते सांगते, लोहाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलायला सांगते आणि तीन महिन्यांनंतरची तारीख वहीत लिहून घेते. त्यातल्या काही जणी खरंच परत येतात.

आणि एबी गट निघाला की मी त्यांना ते जुनं वाक्य सांगत नाही. मी त्यांना आत नेऊन फ्रीजर दाखवते. तुमचा गट एबी असेल, वजन आणि हिमोग्लोबिन भरत असेल, तर जवळच्या रक्तपेढीत या. निरोप येण्याची वाट बघू नका. तातडीच्या वेळी पिशवी आधीच गोठवून ठेवलेली असावी लागते. आज सकाळी पाळी संपवून निघताना मी साठा मोजला, तेव्हा आमच्याकडे एबीच्या चार पिशव्या होत्या.